वेरूळची राणी

निवृत्त माणसाने सहलीला कुठे जायचं, याचे आमच्या हसनाबादेत ठरलेले नियम आहेत. पहिल्या वर्षी पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट. दुसऱ्या वर्षी तिरुपती. गुडघे साथ देत असतील तर तिसऱ्या वर्षी चारधाम. मधल्या दिवसांसाठी राजूरचा गणपती आहेच. अंगारकीला तिथल्या गर्दीत चेंगरून आलं, की हा माणूस घरातच बसून असतो असं कोणी म्हणत नाही. अशा गावात एका संध्याकाळी मी पारावर सांगून टाकलं, की यंदा आम्ही जुनी विमानं बघायला जाणार.

"विमानानं कुठं जाणार म्हणता?" एकाने विचारलं.

"विमानानं नाही. विमानं बघायला."

"चालू?"

"बंद."

पारावर शांतता पसरली. मग समोरच्या पोराने, आजारी माणसाशी बोलतात त्या आवाजात सांगितलं, "काका, बंद गाड्याच बघायच्या तर जालन्याला जा की. ढीगच्या ढीग पडलेत."

पोराचं काही चुकलं नव्हतं. आमच्या जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या आहेत. कुठकुठलं भंगार तिथे येतं, वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. कोणाचा नांगर, कोणाचा ट्रक, कोणाच्या गिरणीचं चाक, सगळं शेवटी कोणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसतं. म्हाताऱ्या यंत्राला या जिल्ह्यात एकच वाट ठाऊक आहे. भट्टीऐवजी ते छताखाली ठेवायचं, रंग द्यायचा, समोर पाटी लावायची आणि वर तिकीट काढून लोकांनी बघायला जायचं, हे आमच्याकडच्या माणसाला उधळपट्टी वाटलं तर नवल नाही.

मला तसं वाटत नाही, याला कारण माझी नोकरी. मी एसटीच्या चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होतो. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळची हिंगणा, या तीन ठिकाणी लाल परीचा जन्म होतो. चाकं आणि इंजिन असलेला नुसता सांगाडा आत येतो आणि बस बाहेर पडते. माझ्या काळात बसचं अंग ॲल्युमिनियमचं असे. लोखंडी पत्र्याची बांधणी नंतर आली. आम्ही दिवसभर पत्र्याला रिव्हेट मारायचो आणि डोक्यावरून विमानं जायची, कारण चिकलठाण्याचा विमानतळ जवळच. माझा एक जोडीदार विमान गेलं की वर बघून म्हणायचा, "तिथं पण आपल्यासारखाच कोणीतरी रिव्हेट मारत बसला असणार." तेव्हापासून विमानाचं अप्रूप जरा निराळं झालं. विमान म्हणजे पंख फुटलेली एसटी. पत्रा तोच, रिव्हेट त्याच जातीचं. फरक इतकाच, की आमचं एखादं रिव्हेट निसटलं तर प्रवासी कंडक्टरशी भांडतात; तिकडे भांडायलाही कोणी उरत नाही.

हे नातं माझ्याच डोक्यातलं असेल, पण तारखाही माझ्या बाजूने आहेत. एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ रोजी. बरोबर आठवड्याने, ८ जून १९४८ला, एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. म्हणजे दोघी एका महिन्यातल्या. तेव्हा आमचा मुलूख निजामाचा होता आणि मुंबई राज्याच्या एसटीचा इकडे पत्ता नव्हता. निजामाच्या रेल्वेने मात्र १९३२च्या जूनमध्येच २७ बसगाड्या घेऊन स्वतःची बससेवा काढली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन जुहूच्या मैदानात उतरले. मी हे सगळं पारावर सांगितलं. एक जण म्हणाला, "काका, तारखा जुळल्या म्हणजे सोयरीक होते का?" आमच्याकडे तारखांऐवजी पत्रिका जुळाव्या लागतात.

आमच्या खात्यात गाडी भंगारात काढण्याला 'निर्लेखन' असा भारदस्त शब्द आहे. गाडीचं आयुष्य भरलं, की कागद तयार होतो, सही होते आणि गाडीचं निर्लेखन होतं. मग तिचा लिलाव. मी स्वतः बांधलेल्या गाड्या मी स्वतः लिलावाच्या रांगेत उभ्या पाहिल्या आहेत. त्यांच्याकडे बघायला कोणी थांबत नसे. चालू असतानाही कोण बघत होतं म्हणा! चालू गाडीत लोक बसतात, तिच्या खिडकीतून शेतं बघतात. गाडी बघायची तर ती उभी राहावी लागते, आणि आमच्याकडे उभी राहिलेली गाडी दुसऱ्या महिन्यात दिसत नाही.

'विक्रांत'च्या बाबतीत माझं असंच झालं. १९९७ साली ती नौदलातून निवृत्त झाली. २००१पासून मुंबईला तिचं संग्रहालय होतं, वर जुनी विमानंही ठेवलेली होती. 'जाऊ कधीतरी' म्हणता म्हणता २०१२ उजाडलं, संग्रहालय बंद झालं. २०१४ला ती दारूखान्यात तोडायला नेली. पुढे तिच्या लोखंडाचा काही भाग बजाजने विकत घेतला आणि २०१६ला त्यातून एक मोटारसायकल काढली. ती मोटारसायकल आमच्या गल्लीतल्या एका मुलाकडे आहे. एवढी मोठी युद्धनौका मला अखेर पेट्रोलच्या टाकीच्या रूपात भेटली. मी टाकीवर हात ठेवून मनोमन नमस्कार केला. मुलाला वाटलं, काकांना लिफ्ट पाहिजे.

तेव्हाच ठरवलं, की जी उभी आहेत ती बघून घ्यायची.

आमच्या घरी सहलीच्या दोन वह्या झाल्या. बायकोच्या वहीत देवळं, माझ्या वहीत विमानं. पुण्याचा नातू मोबाइलवर शोधून सांगायचा आणि मी लिहायचो. पहिलं नाव नागपूरचं होतं. १९९१ साली एक बोइंग ७२० इंजिन बिघडल्यामुळे सोनेगावच्या विमानतळावर अडकलं. दुरुस्त होऊन निघेल असं सगळ्यांना वाटलं. ते २०१५पर्यंत जागचं हललं नाही. २४ वर्षं! उतरलेला पाहुणा इतकी वर्षं राहिला तर त्याला शिधापत्रिका काढून देतात. मी ते नाव लिहिलं आणि नातू म्हणाला, "आबा, ते तिथून हलवलं." मी खोडलं. मग त्याने कोलकात्याची बातमी वाचून दाखवली. तिथे एक बोइंग ७३७ तब्बल १३ वर्षं विमानतळाच्या कोपऱ्यात उभं होतं आणि ते आपलं आहे हे मालक कंपनीच विसरली होती. २०२५मध्ये विमानतळाने 'तुमचं विमान घेऊन जा' म्हटलं तेव्हा कुठे शोधाशोध झाली.

बायको शेंगा फोडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "एवढं मोठं इमान इसरले?"

"हो ना!"

"आणि मला म्हणता, छत्री कुठं इसरलीस."

मग अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं नाव निघालं. टुसॉन गावाजवळ वाळवंटात हजारो निवृत्त विमानं ओळीने उभी असतात. हवा कोरडी, त्यामुळे गंज चढत नाही. जमीन इतकी टणक, की फरशी न घालता विमान थेट मातीवर उभं करता येतं. मी फोटो पाहिले आणि पांजरपोळाची आठवण झाली. क्षणभर एक थोर योजनाही सुचली. कोरडी हवा आमच्याकडे काय कमी आहे? जगाची म्हातारी विमानं भोकरदन तालुक्यात आणून बांधली, तर दुष्काळाचा पहिल्यांदाच कोणाला तरी उपयोग होईल. ही योजना मी भावकीतल्या एका शेतकऱ्याला सांगितली. तो म्हणाला, "काळ्या रानात पहिल्या पावसाला रिकामी बैलगाडी आसापर्यंत रुतते, तुमचं इमान कोण काढणार? आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की चाक गेलंच आत." योजना तिथेच रुतली.

वही मात्र वाढत गेली. दिल्लीला पालमचं हवाई दलाचं संग्रहालय. बेंगळुरूला एचएएलचं, त्याच शहरात आपल्या डॉ. वि. मा. घाटग्यांनी आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान १९५१ साली पहिल्यांदा उडालं. विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर नौदलाचं टीयू-१४२ हे अजस्र विमान, त्याच्यासमोर पाणबुडी. बायको हे ऐकून घ्यायची आणि प्रत्येक गावाला एकच प्रश्न विचारायची, "तिथं देव कोणता?" विशाखापट्टणमला सिंहाचलमचा नरसिंह निघाला. बेंगळुरूला बसवनगुडीचा दगडी नंदी. तो ऐकून तिने समाधानाने मान हलवली. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या घरातली ती. एवढा मोठा बैल आणि त्याला कामाला जुंपत नाहीत, हे तिला फार आवडलं. त्यातून तोडगा निघाला: एक विमान, एक देऊळ. दोन्ही वह्या एकाच पिशवीत जाऊ लागल्या.

गोव्याचं ठरलं ते मात्र वेगळ्याच कारणाने. दाबोळीच्या विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ साली उघडलेलं. तिथल्या विमानांची नावं मी वाचत होतो. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, फायरफ्लाय. बायकोचं लक्ष नव्हतं. मग नातू म्हणाला, "आणि एक सुपर कॉन्स्टलेशन आहे. एअर इंडियात असताना तिचं नाव होतं 'रानी ऑफ एलोरा'."

"म्हणजे?"

"म्हणजे वेरूळची राणी, आजी."

शेंगा थांबल्या. बायकोचं माहेर खुलताबाद तालुक्यातलं. लहानपणी घृष्णेश्वराच्या जत्रेत हरवलेली बाई ती. "वेरूळची?" तिने विचारलं. "मग तिथं काय करायली ती?"

माहेरची बाई परमुलखात दिसली म्हटल्यावर विचारपूस करायला जाणं भागच होतं.

प्रवास एसटीनेच. महिलांना अर्धं तिकीट, आणि पासष्टी ओलांडल्यामुळे मलाही अर्धं. म्हणजे आम्हा दोघांत मिळून एक तिकीट लागतं. लग्नात भटजींनी जे सांगितलं ते महामंडळाने इतक्या वर्षांनी लेखी दिलं. ही एकरूपता बांद्यापर्यंत टिकली. सवलत राज्याच्या हद्दीपुरती असल्यामुळे गोव्याच्या कदंब बसमध्ये पाऊल ठेवताच आम्ही पुन्हा दोन माणसं झालो.

मंगेशी झाला, म्हार्दोळची म्हाळसा झाली आणि सोमवारी सकाळी, मोठ्या उत्साहात, आम्ही संग्रहालयाच्या बंद फाटकासमोर उभे राहिलो. सोमवारी सुट्टी. तीन महिने वही भरत होतो, प्रत्येक विमानाच्या पंखाची लांबी लिहिली होती, पण वार लिहिला नव्हता. बायको काही बोलली नाही. आमच्या संसारात हे सर्वांत मोठं बोलणं असतं. जाळीतून तीन शेपट्यांचं काहीतरी दूरवर दिसल्यासारखं मला वाटलं, पण ती बहुधा माझी इच्छाच असावी.

मंगळवारी गेलो. ती उघड्यावर उभी होती.

वर्णन करायचं तर मला एसटीच्या भाषेतच करता येईल. अंग मधून किंचित फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं, माशासारखं. मागे एकाऐवजी तीन शेपट्या. एकच ठेवली असती तर ती इतकी उंच झाली असती, की त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेली नसती. चार इंजिनं. एका इंजिनाला १८ सिलिंडर, एका सिलिंडरला दोन प्लग. मी तिथे उभ्या उभ्या हिशेब केला: १४४ प्लग. आमची बस डिझेलची, तिला एकही प्लग नाही. ही इंजिनं वाटेत इतकी रुसायची म्हणे, की जगभरचे वैमानिक तिला गमतीने 'तीन इंजिनांचं उत्तम विमान' म्हणायचे. एकशे चव्वेचाळीस प्लग साफ करणाऱ्या त्या अनोळखी कारागिरांच्या आठवणीने माझी बोटं काळी झाल्यासारखी वाटली.

बायकोला मी राणीची कुंडली सांगितली. एअर इंडियाने १९५०च्या दशकात तिला आणलं. लंडनच्या वाटेवरची ही विमानं. पाहुणे कोट घालून बसायचे. १९६०ला जेटची बोइंग ७०७ विमानं आली आणि पंख्याच्या राण्यांचे दिवस फिरले. मग हवाई दलात ओझी वाहिली. १९७६ला नौदलाने घेतलं आणि समुद्रावर पाळत ठेवण्याच्या कामाला लावलं. १९८४ला निवृत्त.

"म्हंजे तीन घरी नांदली," बायको म्हणाली. "आणि नाव?"

"नौदलात नंबर मिळाला. आयएन ३१५."

"सासरी नाव बदलतातच," ती म्हणाली आणि पोटाखालून चालत पुढच्या चाकापाशी गेली.

याच दाबोळीची एक गोष्ट मी वाचून आलो होतो. डिसेंबर १९६१मध्ये गोवामुक्तीच्या वेळी आपल्या विमानांनी इथल्या धावपट्टीवर बाँब टाकले. कडेला पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं उभी होती. ती पुढे आपल्यालाच मिळतील म्हणून मुद्दाम शाबूत ठेवली. रात्री पोर्तुगीजांनी फुटक्या धावपट्टीवरूनच दोन्ही उडवली आणि कराची गाठली. त्यातलं एक सुपर कॉन्स्टलेशन होतं, या राणीच्याच कुळातलं. एक इथून पळून गेली आणि दुसरी इथेच कायमची येऊन राहिली. बायकोला पळून गेलेलीचं पुढे काय झालं यात जास्त रस होता. मला सांगता आलं नाही. माणसांच्या बाबतीतही असंच होतं. राहिलेल्यांचं कौतुक आपण विसरतो आणि गेलेल्यांची चौकशी करतो.

मी बराच वेळ पंखाखाली उभा होतो. रिव्हेटच्या ओळी सरळ, एका अंतरावर, कुठेही हात चुकलेला नाही. ज्याने त्या मारल्या तो अमेरिकेतला कोणी माणूस असणार. आपलं काम गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात कोणी वेरूळकडचा म्हातारा वाचतो आहे, हे त्याच्या स्वप्नातही नसणार. चालू असताना हिच्या पंखाखाली असं रेंगाळू दिलं असतं का कोणी? बायको माझ्याकडे बघत होती. "तुमच्या कारखान्यात तुम्ही हेच करायचे?" तिने विचारलं. "हेच," मी म्हणालो. चाळीस वर्षांच्या संसारात मी काय काम करतो हे तिने पहिल्यांदा विचारलं; मला वाटतं, तोवर मीही एका जागी उभा नव्हतो.

घरी आलो. पाराने विचारलं, "बघितली का बंद विमानं?" मी म्हटलं, बघितली. विषय संपला.

पण बायकोचा संपला नव्हता. "तिचं गाव बघून यायला पाहिजे," ती म्हणाली. तिने वेरूळ शंभर वेळा पाहिलंय, पण नेहमी घृष्णेश्वराच्या निमित्ताने. या वेळी लेणी बघायची होती. मी शहाणा झालो होतो, आधी वार पाहिला. वेरूळची लेणी मंगळवारी बंद. राणी सोमवारी कोणाला भेटत नाही आणि तिचं माहेर मंगळवारी. आम्ही बुधवारी गेलो.

कैलास लेण्यासमोर एक गाईड पाहुण्यांना माहिती सांगत होता. राष्ट्रकूटांचा राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, एकच डोंगर, कळसापासून पायापर्यंत वरून खाली कोरत आणलेला. मग त्याने गाभाऱ्यावरच्या त्या चढत गेलेल्या शिखराकडे हात केला आणि म्हणाला, "आणि याला म्हणतात मंदिराचं विमान."

बायको गर्रकन माझ्याकडे वळली. "काय म्हणला तो?"

"विमान. देवळाच्या शिखराला तसं म्हणतात, दक्षिणेकडच्या पद्धतीत."

तिने पदर सावरला, मान मागे टाकून ते खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. हत्ती, नंदीमंडप, वरचा काळा कातळ. पूजा नाही, नैवेद्य नाही. रांग तिकडे घृष्णेश्वराला. तरी एक म्हातारी आत जाताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावत होती.

"चालू का बंद?" बायकोने विचारलं.

मला पटकन उत्तर देता आलं नाही. बाराशे वर्षं जागचं हललं नाही हे खरं. पण बंद म्हणायलाही जीभ रेटेना.

"काही का असंना," ती म्हणाली. "हे आधी सांगितलं असतं, तर गोव्याला कशाला जायचं होतं? अर्ध्या तिकिटात इथंच आलो असतो की." आणि नंदीच्या सावलीत बसून तिने पिशवीतून वही काढली. माझी, विमानांची. पहिल्या पानावर, नागपूरच्या खोडलेल्या ओळीच्या वर जागा करून तिने आपल्या अक्षरात लिहिलं: वेरूळ. मंगळवारी बंद.